पंचावन्नवर अडकलेली गाडी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गॅरेजात दहा-बारा वर्षं काढली की ते नटबोल्टच्या डब्यासारखे आपोआप साचतात, आणि एक शोधायला हात घातला की भलतेच चार हाताला लागतात. आमचं गॅरेज तिरोडा रोडवर आहे. इंजिन शंकरदादांचं, वायरिंग माझं. दादा वयानं आणि कामानं मोठे, मी फक्त बडबडीत. मागच्या थंडीत गेंदलालभाऊंच्या जुन्या एसयूव्हीनं आम्हा दोघांची मस्ती चांगलीच जिरवली.

गेंदलालभाऊ बोदलकशाकडचे धान उत्पादक. सुनंदावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दर एकवीस दिवसांनी केमोसाठी नागपूरला न्यावं लागायचं. गाडी पळताना ठीक असायची, पण उभी राहिली की थरथरायची. सिग्नल असो, टोल असो, रेल्वे फाटक असो.

दादांनी चहाचा ग्लास चालू गाडीच्या बोनेटवर ठेवला. ही त्यांची परीक्षा! अर्धा चहा सांडला. मी म्हणालो, पेशंट नापास. हसलं कोणीच नाही.

"उभी गाडी हालली का तिले उलटी होते," गेंदलालभाऊ म्हणाले. "बाकी काही नको. फक्त उभी राह्यल्यावर शांत राह्यली पाह्यजे."

माझा बाकीचा विनोद मी गिळला.

*

गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली आणि स्कॅनर लावला. इंजिनचं तापमान पंचावन्न डिग्री! नव्वदच्या आसपास हवं. इंजिन अजून थंडच आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर डिझेल जास्त सोडत होता, आणि म्हातारं इंजिन कापत होतं. मी निदान केलं, सेन्सर खोटं बोलतोय. नवा बसवला आणि छाती फुगवून गाडी दिली.

संध्याकाळी गाडी परत दारात. या इंजिनला तापमानाचे सेन्सर दोन, एक डॅशबोर्डच्या काट्यासाठी आणि एक कॉम्प्युटरसाठी, अगदी शेजारी शेजारी. मी काट्याचा बदलला होता! दादा शांतपणे म्हणाले, "काटा मस्त चालून राहिला."

दुसऱ्या दिवशी बरोबर तो बदलला. पंचावन्न. नवाच खराब निघाला असेल म्हणून आणखी एक आणला. तोही पंचावन्न.

*

तेवढ्यात नागपूरची तारीख आली. दादांनी डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ करून दिले आणि गाडी तशीच गेली. सकाळी फोन वाजला. गेंदलालभाऊ टोलच्या रांगेत होते.

"गाडी बंद पडली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून राहिले. तिले खाली बसवलं. बोला, काय करू?"

मागून वहिनींच्या ओकारीचा आवाज येत होता. मी म्हटलं, बोनेट उघडा, सेन्सरची वायर बघा. वायर उंदरांनी कुरतडलेली! गाडी धानाच्या कोठाराशेजारी उभी राहायची, उंदरांना काय, रोजचीच पंगत. दातांनी वायर सोला, पिळा, रुमालाची चिंधी बांधा, असं एकेक सांगत गेलो. गाडी चालू झाली तेव्हा इकडे माझा शर्ट घामानं भिजला होता, आणि तोही थंडीत.

परतल्यावर मी वायर नीट जोडली आणि गॅरेजभर जाहीर केलं, चोर सापडला! स्कॅनर लावला. पंचावन्न.

*

मग मी इरेला पेटलो. सेन्सर काढला, मीटरच्या वायरी लावल्या आणि शेजारच्या टपरीवर उकळत्या पाण्याच्या ग्लासात सोडला. टपरीवाला ओरडला, "अब ये गिलास किसको दूँ मैं?"

मीटरनं उकळत्या पाण्याचा आकडा बरोबर दाखवला, म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. मी दादांना सांगितलं, सेन्सर खरं बोलतोय, इंजिन खरंच थंड आहे. दादा भडकले. त्यांच्या मते थंड इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, आणि वायरवाल्यानं वायरीपुरतं बोलावं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मला राग होता, आणि त्याहून जास्त भीती होती. पुढची तारीख सोमवारची होती.

*

शनिवारी सकाळी गेंदलालभाऊ गाडी घेऊन आले. या वेळी वहिनीही सोबत होत्या, रक्त तपासून परत निघालेल्या. स्वेटर, वर शाल, डोक्याला स्कार्फ. तशाच आत बसून राहिल्या. दादा विचारपूस करायला खिडकीशी गेले.

"दादा, हे हिटर बंद करून द्या ना," वहिनी म्हणाल्या. "मले तं त्याची हवाबी थंडच लागून राहिली."

दादांनी खिडकीतून हिटरच्या जाळीसमोर हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मग पाना घेऊन बोनेटखाली वाकले.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. तिची जागा रिकामी होती. आमच्याकडे ही रीतच आहे. मे महिन्यात गाडी तापली की झडप काढून फेकायची, गिऱ्हाईक खूश. इंजिन थंड राहतं, आणि त्याच पाण्यावर चालणारा हिटरही थंड राहतो.

नवी झडप बसली. स्कॅनर साठच्या वर गेला, मग सत्तर, मग अठ्ठ्याऐंशी. इंजिन शांत झालं. आता दादांनी गप्प बसायला हरकत नव्हती. कोणाला कळणार होतं?

"वहिनी, ते झडप मीच काढली होती," दादा म्हणाले. "चार साल झाले."

गेंदलालभाऊंचा चेहरा आवळला. "आठ खेपा झाल्या, दादा," ते म्हणाले. "आठ खेपा ओकत गेली ते."

दादांनी मान खाली घातली. मीही घातली, तीन सेन्सर माझ्याच नावावर होते.

वहिनींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी शालीतून दोन्ही हात काढले आणि हिटरच्या जाळीसमोर धरले. बराच वेळ धरले.

"म्हणजे थंडी गाडीतच होती?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मले वाटे का माह्याच आंगात गरमी नाही राह्यली."