कासवाला उठवायचं नाही

दुबईत लग्न झालेला माणूसही बॅचलर असतो. बायकोमुलं गावी पाठवली की झाला तो बॅचलर, भाड्याच्या जाहिरातीत तसंच लिहितात. वसईच्या चर्चमध्ये अख्ख्या गावासमोर माझं लग्न लागलं, पण इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या एका खोलीसाठी मी बॅचलर ठरलो. सामान म्हणजे दोन बॅगा, एक छोटा फ्रीज आणि फ्रीजमध्ये झोपलेलं कासव.

कासव माझ्या मुलीचं. शेजारचं कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा तिला देऊन गेलं. थंड मुलखातल्या जातीचं, तळहाताएवढं. इथल्या दुकानांत दिसतात ती मोठी आफ्रिकी कासवं हिवाळ्यात झोपत नाहीत, त्यांना गारठ्यात ठेवलं तर ती मरतात. हे मात्र झोपणारं. जनावरांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, एक तर दिव्याखाली उबेत पूर्ण जागं ठेवा, नाहीतर नीट गार करून झोपवा. अधलंमधलं काही करू नका. अर्धवट गारव्यात ते धड खात नाही, धड झोपतही नाही, आणि आतल्या आत खंगत जातं. आमच्या एसीत नेमकं तेच व्हायचं.

मी काम करतो त्या हॉटेलनं खोल्यांमधले जुने फ्रीज विकायला काढले, त्यातला एक मी उचलला. मुलीनं आधी त्यात नुसता थर्मामीटर ठेवला. काटा पाच अंशांच्या आसपास टिकतो याची खात्री होईपर्यंत तिनं कासवाला हात लावू दिला नाही. मग त्याचं खाणं बंद केलं, आणि पोट साफ होईपर्यंत रोज कोमट पाण्यात बसवलं. आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ नाताळनंतर येतो, याचा आधीच लागला, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. तोवर मायलेकींची गावची तिकिटं काढून झाली होती. माझा पगार कापला गेला होता आणि बायको काम करायची ते क्लिनिक बंद पडलं होतं.

एअरपोर्टवर मुलगी म्हणाली, "डोन्ट वेक हिम टिल आय कम बॅक, ओके पप्पा?"

मी म्हटलं, "ओके." आणि वर, सवयीनं, "मराठीत बोल गं."

हे वाक्य मी तिला जन्मभर ऐकवत आलो होतो. मराठीत बोल, आजीला काय कळणार तुझं. ती इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची.

खोलीत मी आणि केरळचा एकजण. पहिल्या दिवशी त्यानं थंड पाण्याच्या बाटलीसाठी फ्रीज उघडला, आतल्या भोकं पाडलेल्या खोक्यात डोकावला आणि म्हणाला, "हबीबी, ये बिर्याणी में जाएगा क्या?" त्यात बाटल्या ठेवायच्या नाहीत, सारखं दार उघडलं तर आतला गारवा हलतो, हे मी त्याला समजावलं. मी स्वतः रोज सकाळी एकदाच दार उघडायचो, हवा बदलण्यापुरतं. आठवड्याला कासव वजनकाट्यावर ठेवायचो. वजन फार उतरायला लागलं किंवा झोपेत लघवी झाली, तर लगेच उठवायचं, असं डॉक्टरनं बजावलं होतं. अंगातलं पाणी गेलं की झोप धोक्याची.

त्या महिन्यांतलं मला दुसरं फार काही आठवत नाही. ड्युटी करायचो, बसनं यायचो, डाळ-भात खायचो. बायको फोनवर विचारायची, "बरा आहेस ना?" मी म्हणायचो, "बरा आहे." खोटं बोलत नव्हतो. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं. अंगाला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यासारखं सगळं चाललं होतं. कासव झोपलंय तोवर मुलगी परत येणार आहे, एवढा एकच हिशेब डोक्यात होता आणि तो मी कोणाला बोलून दाखवत नव्हतो.

एका सुट्टीच्या सकाळी खोक्यातला कागद ओला लागला.

मी दार लावून पलंगावर बसलो. उद्या पाहू, असं मनात आलं. एक दिवसानं काय होतंय. खोलीतला मित्र दात घासत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या हुआ? मर गया?"

"नहीं," मी म्हटलं. "उठाना पड़ेगा."

"तो उठाओ ना भाई, यल्ला."

मी खोकं बाहेर काढलं. खोलीच्या उबेत कासव हळूहळू सैलावलं. मग बादलीत कोमट पाणी घेतलं, हनुवटीपर्यंतच येईल एवढं, आणि त्यात ठेवलं. बराच वेळ काही नाही. नंतर मान बाहेर आली, तोंड पाण्यात गेलं आणि ते पीत राहिलं. ते जगलं याचा मला आनंद व्हायला हवा होता.

मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती आजीच्या ओट्यावर होती, मागे कोंबड्या. मी फोन बादलीवर धरला.

"उठलं काय ते?" ती म्हणाली.

मला वाटलं, बायको बोलतेय. पण पडद्यावर मुलगीच होती.

"उठवावं लागलं," मी म्हणालो. "सॉरी. तू यायच्या आधी..."

"असू दे पप्पा. बरं केलंस. मी काय आता तिकडे येत नाही. इथल्या शाळेत नाव घातलं ना माझं. त्याला पाला दे, भूक लागली असेल."

एकही इंग्लिश शब्द नाही, आणि सूर अगदी आमच्या गावचा. ती सहज सांगत होती, तिचं सगळं ठरून गेलं होतं.

"एकदा इंग्लिशमध्ये बोल ना," मी म्हणालो.

ती हसली. "का, पप्पा?"

मी फोन तसाच बादलीवर धरून ठेवला.