झाकून ठेवायची लाथ

गुडघ्याला बाम चोळला की दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या एसीतही मला शारजातल्या वर्कशॉपमागची रेती आणि डिझेलचा वास आठवतो. तिथे आम्ही कबड्डीचा सराव करायचो. समोरच्या संघाचे गडी कुंपणाला टेकून बघत बसायचे. ते आमच्याच कामगार कॅम्पात राहायचे, आमच्याच किचनमध्ये भात लावायचे. म्हणून खरा चढाईवाला कोण हे त्यांना कळू नये यासाठी आमचे कप्तान राणेभाऊ सरावातल्या चढाया माझ्यात आणि संघातल्या सुऱ्यात निम्म्या-निम्म्या वाटायचे, आणि माझी मागची लाथ कुणाला दिसू द्यायचे नाहीत. "ती फायनलला काढायची," म्हणायचे.

स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई माझ्याकडे आली.

"नुसता हात लावून ये!" राणेभाऊ ओरडले.

मी परतल्यासारखं केलं आणि मागे लाथ झाडली. दोन गडी बाद. सामना आमचा.

राणेभाऊ मात्र भडकले. "खलास! सगळं उघडं केलंस!"

"केलं," मी म्हणालो. "फायनलपर्यंत मी इथे असेन, असं कंपनीने लिहून दिलंय तुम्हाला?"

आठवड्याभरात कंपनीने मला दूर फुजैराला कामावर पाठवलं. तेव्हा माझं बोलणं मलाच उद्धट वाटलं होतं. आज वाटतं, या देशात उद्यासाठी राखून ठेवतो तोच वेडा.

बाम लावताना लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "सो यू नेव्हर प्लेड द फायनल, बाबा?"

"नाही. पण ती लाथ झाकून फुजैराला नेली नाही. मारून गेलो."