सरकारचे जावई

"स्कॉलरशिपवाले उभे राहा."

माईकवर आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब होते. त्यांचा पोरगा जर्मनीत शिकून आल्ता, त्याचा सत्कार चालला होता. सगळं कॉलेज हॉलमध्ये. मला वाटलं, एखादा फॉर्म भरायचा राहिला असंल. मी उठले. मागंपुढं बरेच उठले.

"बघा," अध्यक्ष पाहुण्यांना म्हणले, "हे आमचे सरकारचे जावई. फी न्हाई, फिकीर न्हाई."

हॉल हसला. मास्तरलोक हसले. रोज माझ्या डब्यातली भाकर खाणारी शेजारची मैत्रीण, तीबी हसली. माझे कान तापले. माझी माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचती. बाप शहागडला ट्रकमधी पोती चढवतो. जावयाचा मान आमच्या घरात कोणाला कवा मिळाला, मला तरी ठाऊक न्हाई.

बसा असं कोणी म्हणलंच न्हाई. आम्ही तसेच उभे. विसरले असतील, न्हाईतर मुद्दाम.

मंग पोरगा बोलायला उठला. पोरगा वाईट न्हवता, उगंच खोटं कशाला बोलू. त्यानं सांगितलं, तिथं सरकारी विद्यापीठात शिकवायची फी घेत न्हाईत, खर्च सरकार करतं. झाडूवालीची पोरगी अन् डॉक्टरचा पोरगा एका बाकावर बसतात, कोण कोणाचं ते कोणी विचारत न्हाई. "मीसुद्धा फी भरली नाही," तो म्हणला. हॉलभर टाळ्या. अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले.

माझ्या हातात निबंध होता. उच्च शिक्षणावरचा सरकारी खर्च, भारत आणि जर्मनी. अर्थशास्त्राच्या सरांनी लिहायला लावलेला, अन् स्टेजवर मीच वाचायचा होता. हे सर तासिकेवरचे. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बिनपगारी. कायमची जागा कवापासून रिकामी, सरकार भरतच न्हाई. मी तेबी लिहिलं होतं. सरांनीच ती ओळ काढायला लावली. मी काढली. माझा स्कॉलरशिपचा फॉर्म ऑफिसात पडून होता. तो पुढं गेला न्हाई, तर माझं शेवटचं वर्ष गेलं. म्हणलं, कशाला पंगा.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. निबंधाची घडी घातली.

"दादासाहेब, इथं सरकार आमची फी भरतं, तर आम्ही जावई. मंग तुमचा पोरगा जर्मनीच्या सरकारचा कोण?"

पोरानं मान खाली घातली.

"बस खाली," अध्यक्ष म्हणले.

"मघा उभं केलं तवा बसा म्हणला न्हाईत. आता मी बसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मायला ऑफिसात बोलावलं. मजुरी बुडवून ती आली. क्लार्कनं टेबलावर कोरा कागद सरकवला. "माफी लिही. फॉर्म आजच पुढं जातो."

माय म्हणली, "लिही ना बाई. कागदच तर हाये."

मला तिचा राग आला. मंग स्वतःचा आला. एक ओळ मी आधीच खोडली होती, भिऊन. त्या कागदावर मी पहिली तीच ओळ लिहिली, सरांच्या रिकाम्या जागेची. खाली लिहिलं, माझा फॉर्म का अडवला ते लेखी द्या. पोच मागितली. क्लार्क म्हणला, "शिक्का साहेबाकडं हाये."

फॉर्म अजून तिथंच हाये. मी रोज आमच्या गावाहून, वाटूरहून एसटीनं येते, त्या टेबलापुढं उभी राहते. क्लार्क मान वर करत न्हाई. मैत्रीण दुसऱ्या जिन्यानं जाती. उद्या मी जालन्याला समाजकल्याणच्या ऑफिसात जाणार हाये, तिथं न्हाई झालं तर कलेक्टरकडं. वर्ष गेलं तर पुढल्या वर्षी इथंच, ह्याच वर्गात बसणार. माझी माय साबणाच्या वडीवरबी सरकारला कर देती. मी तिच्या पैशावर शिकून राह्यले. माफी लिहिणार न्हाई.