दगडातली फट

मी अमेरिकन आर्मीत इंजिनिअर सार्जंट होतो. वाढलो तिथल्याच नेपरव्हिल गावात, शेवटचं पोस्टिंग टेक्ससला. तिथे वीतभर माती आणि खाली सगळा चुनखडीचा दगड. खंदक खणायची ऑर्डर आली की पाच मिनिटांत फावडं ठण्णकन वाजायचं आणि मी शिव्या घालायचो, मराठीत.

माझ्या स्क्वाडमधला कॉर्पोरल डॅनी रीड ट्रेनिंगमध्ये गाडी उलटून गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याच्या नावाने आम्ही ओकचं रोप लावलं. जागा मी ठरवली: फ्लॅगपोलपासून टेप लावून बरोबर पन्नास फूट, रस्त्याला समांतर. वसंतात त्याची आई येणार होती. तोवर झाड जगवायचं मी स्वतःहून अंगावर घेतलं.

फोनवर माझी आई म्हणाली, "रोज तांब्याभर पाणी घाल रे, चुकवू नकोस." मी ड्यूटी रोस्टरच लावला. रोज सकाळी ०६१५ ला, थोडं थोडं पाणी. एक दिवस चुकला नाही. तरी ऑगस्टमध्ये पानं करपली.

तळावरची झाडं बघणाऱ्या फॉरेस्टर बाई आल्या. बोटांनी माती उकरून म्हणाल्या, "मुळं सगळी वरच आहेत. रोज आयतं मिळतंय, खाली कशाला जातील? आणि इथे खाली जायला वाटही नाही." मग माळावरच्या जुन्या ओकांकडे हात केला. वाकडीतिकडी ओळ, हिरवीगार. "त्यांच्याखाली दगडाला फट आहे. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं, मुळं त्याच्यामागे खोल उतरतात."

ती झाडं मी वर्षभर बघत होतो. म्हणे इंजिनिअर! स्वतःचीच चीड आली. हिवाळ्यात रोप मेलं.

डॅनीची आई यायच्या आठवडाभर आधी लेफ्टनंट म्हणाला, "सार्जंट, नर्सरीतून तसंच दुसरं आण. तिला कळणार नाही."

"सर, मला कळेल."

"मग तिला तूच सांग."

"येस सर."

मिसेस रीड सकाळी ११०० ला आल्या. मी म्हणालो, "मॅडम, डॅनीचं झाड माझ्या हातून मेलं. जागा चुकली, पाणीही चुकलं." मला पळून जावंसं वाटत होतं.

मी त्यांना माळावर नेलं. त्याच्या नावाची पाटी माझ्या हातात होती. "कुठे लावू, तुम्ही सांगा."

त्या ओळीच्या कडेने चालत गेल्या. एक ओक जरा बाहेर, तिरका उभा होता. त्याच्या बुंध्याला हात लावून म्हणाल्या, "इथे. शाळेपासून ओळीत उभं राहणं त्याला कधी जमलंच नाही."

मी पाटी ठोकली. अटेन्शनमध्ये उभं राहून हजेरी घेतली. आमच्यात गेलेल्याचं नाव तीनदा पुकारतात, तिसऱ्यांदा मधल्या नावासकट पूर्ण.

"कॉर्पोरल रीड."

"कॉर्पोरल डॅनी रीड."

पुढे माझा आवाजच फुटेना. तिसऱ्यांदा त्याचं पूर्ण नाव त्याच्या आईने पुकारलं.