ताडगोळे, फैजपूरपर्यंत

अलिबागहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि तोवर ह्यांनी फ्रिजचं दार तिसऱ्यांदा उघडून पाहिलं होतं.

"सारखं उघडलंत तर आतला गारवा राहील का?" मी विचारलं.

"गारवा राहत नसतो. उष्णता बाहेर जात असते," हे म्हणाले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाशी लग्न केलं की साध्या प्रश्नाला असं उत्तर मिळतं. त्या दिवशी मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. फ्रिजमध्ये तीन डझन ताडगोळे होते आणि ते फैजपूरला आमच्या सायलीपर्यंत न्यायचे होते.

सायली आमची एकुलती एक लेक. लग्न करून केळीच्या मुलखात गेली, आणि आता तिला तिसरा महिना होता. गेले तीन आठवडे तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात नाही, भाकरी नाही, पाणीसुद्धा घोट घोट. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभरात खाणं सुरू झालं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. सगळ्यांनी तिला विचारून पाहिलं, काय खावंसं वाटतंय? शेवटी फोनवर ती मला म्हणाली, "आई, ताडगोळे मिळाले तर खाईन असं वाटतं." मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. निवृत्तीनंतर ह्यांनी ती घेतली, सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असा संसार मांडला, आणि एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीतला फ्रिज मिळवून बसवला. हा फ्रिज आपल्या घरच्यासारखा घरघरत नाही. त्याला कॉम्प्रेसरच नाही. गॅसच्या लहानशा ज्योतीवर चालतो, आणि आतली उष्णता मागच्या नळ्यांवाटे बाहेर टाकतो. त्यासाठी गाडीच्या पत्र्याला बाहेरून दोन जाळ्या आहेत. खालच्या जाळीतून हवा आत शिरते, तापते, वरच्या जाळीतून निघून जाते. कोकणात हा बेत नीट चालला होता. खानदेशातल्या वैशाखाशी त्याची अजून गाठ पडायची होती.

पहिला मुक्काम नाशिकला केला. फ्रिजमध्ये ह्यांनी तापमापी ठेवली होती, ती चार अंश दाखवत होती. ह्यांनी मला ती दोनदा दाखवली. ताडगोळा सोललेला असो की सालासकट, उष्णता लागली की आंबतो, आणि आंबला की त्याला असा वास येतो की धडधाकट माणूसही तोंड फिरवील. सायलीचं तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी मालेगाव सोडलं आणि उन्हाने आपलं रूप दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं मोकळी पडलेली, कापसाची वाळकी पऱ्हाटी कुठे कुठे ढीग घालून ठेवलेली. खिडकीतून येणारं वारं तोंडावर तव्यासारखं लागत होतं. आम्ही कोकणातली माणसं घामाला सरावलेली, पण इथे घामही येत नाही, तो अंगावरच वाळून जातो.

धुळ्याच्या अलीकडे एका खानावळीशी थांबलो. मालक सत्तरीचे, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेले. सगळे त्यांना नाना म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो.

"भाऊ, गाडी आठे (इथे) सावलीमा लावा. ऊन भलतं शे (आहे)," ते ह्यांना म्हणाले. सावली म्हणजे एक निंब आणि त्याच्याखाली आधीच उभे असलेले दोन ट्रॅक्टर. गाडीचं तोंड तेवढं सावलीत आलं, मागची बाजू उन्हातच राहिली. ज्या बाजूला जाळ्या आहेत ती बाजू.

शेवभाजी आली. तर्री इतकी लाल की मी आधी भाकरीचा कोपरा बुडवून अंदाज घेतला. अंदाज चुकला. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि नानांच्या सुनेने न सांगता ताकाचा पेला समोर ठेवला. हे मात्र चवीने दोन भाकऱ्या जेवले आणि मला म्हणाले, "तिखट कुठे आहे?" त्यांचे कान लाल झाले होते.

जेवण झाल्यावर निघू म्हटलं तर नाना सोडेनात. "आते (आता) निंघू नका. तीन वाजू द्या. ऊन लागी जाई." त्यांनी आतल्या खोलीत सतरंजी टाकून दिली, कूलर लावून दिला. वाळ्याचा वास, ओली हवा. आम्हा दोघांना गाढ झोप लागली.

तीन वाजता बाहेर आलो आणि हे जागीच थांबले. गाडीच्या मागच्या बाजूला, दोन्ही जाळ्यांवर, एक मोठं ओलंचिंब पोतं दोऱ्यांनी घट्ट ताणून बांधलेलं होतं. शेजारी बादली, तांब्या, आणि समाधानाने उभे असलेले नाना.

"तुमना कूलर ले पानी नव्हतं," नाना म्हणाले. "तो मी पोतं वल्लं (ओलं) करीसन टांगी दिधं. तीन डाव पानी मारं. आते मस्त गार हवा ई (येईल)."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ह्या मुलखात भिंतीला जाळी दिसली की ती कूलरची. तिच्यावर काहीतरी ओलं बांधायचं आणि आतल्या माणसाला सुख द्यायचं. माठाला पोतं, खिडकीला पोतं, गुरांच्या गोठ्याला पोतं. उन्हात उभं राहून एका सत्तरीच्या माणसाने तीन वेळा पाणी मारलं होतं, अनोळखी माणसांच्या गाडीला. फक्त आमच्या फ्रिजला त्या जाळीतून श्वास घ्यायचा होता, आणि त्याचं नाक बांधलं गेलं होतं.

ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. घरी चमचा जागेवर नसला तरी आवाज चढतो. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. पण ह्यांनी पोत्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि हात जोडले. "नाना, फार उपकार झाले," म्हणाले. त्या क्षणी मला ह्या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटलं की सांगता येत नाही. नानांनी पोतं सोडूच दिलं नाही, "वाटमा कामे ई" म्हणून तसंच राहू दिलं. दोन वळणं गेल्यावर आम्ही गाडी थांबवून ते काढलं.

तापमापी अकरा दाखवत होती. पारोळ्याला तेरा झाली, एरंडोलला पंधरा. पोतं काढलं तरी फ्रिज सावरेना. बाहेर इतकं तापलेलं होतं की नळ्यांभोवतीची गरम हवा हलतच नव्हती, तिथेच कोंडून राहिली होती. हे गाडी चालवत होते. मी ताडगोळ्यांचा डबा मांडीवर घेतला, ओल्या पंच्यात गुंडाळला आणि वाकून वास घेत राहिले. काही ताडगोळ्यांना आंबूस वास सुटायला लागला होता. मला रडू आलं. लेकीने एवढी एकच गोष्ट खाईन म्हटलं होतं.

जळगावात शिरलो तेव्हा साडेपाच झाले होते. मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कूलरदुरुस्तीचं दुकान दिसलं. बाहेर पत्र्याच्या पेट्या, गवताच्या गाद्या, आणि त्यांच्यामध्ये पाट टाकून बसलेला एक पन्नाशीचा माणूस. शालिकभाऊ त्यांचं नाव. ह्यांनी सगळं सांगितलं. शालिकभाऊंनी जाळी काढून आत हात घातला आणि लगेच बाहेर ओढला.

"भाऊ, आत तर भट्टी आहे. हवा कोंडली. हिला पंखा पाहिजे."

दुकानात जुन्या संगणकांतून काढलेले हाताच्या पंजाएवढे पंखे होते, गाडीच्या बॅटरीवर चालणारे. शालिकभाऊंनी त्यातले दोन निवडले, पट्टीवर शेजारी शेजारी बसवले आणि वरच्या जाळीच्या आत ती पट्टी पक्की केली. पंखे फिरू लागले. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तापमापी पंधराची सोळा झाली.

ह्यांनी गाडीतून उदबत्ती काढली. देवासाठी नव्हे, गाडीत डासांसाठी ठेवतो ती. पेटवून वरच्या जाळीशी धरली. धूर बाहेर यायच्या ऐवजी सुर्रकन आत गेला.

शालिकभाऊ धुराकडे पाहत राहिले आणि मग कपाळावर हात मारून हसले. "उलटे बसवले ना भाऊ. तीस वर्षं कूलर करतोय. पंखा हातात घेतला की हात आपोआप बाहेरची हवा आत घेतो. बाहेर फेकायचं कामच कधी केलं नाही."

"मी तीस वर्षं मुलांना सांगतोय की गरम हवा वर जाते," हे म्हणाले. "आणि मलाही बसवताना दिसलं नाही."

दोघांनी मिळून पंखे उलटवले. आता खालच्या जाळीशी धरलेला धूर आत ओढला जायचा आणि वरून बाहेर पडायचा, सरळ, न अडखळता. शालिकभाऊंनी आणखी एक छोटा पंखा फ्रिजच्या आत, कप्प्याखाली ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, डबा असा कोंबू नका. ताडगोळे पसरून ठेवा, मधे वाट सोडा. गार हवेला सगळ्यांपर्यंत जाता आलं पाहिजे."

ताडगोळे पसरताना आम्ही एकेक हुंगून पाहिला. अकरा गेले होते. पंचवीस उरले. शालिकभाऊंनी ताडगोळा कधी पाहिला नव्हता. ह्यांनी एक सोलून पुढे केला तर त्यांनी मागे सरून हात हलवला. "नको भाऊ. तो त्या पोरीचा वाटा आहे."

त्या संध्याकाळी आम्ही तलावाच्या काठी गाडी लावली. लोक फिरायला आले होते, पाण्यावरून जराशी झुळूक येत होती. तापमापी बाराला आली, मग नऊला. हे दर दहा मिनिटांनी बघत होते आणि ह्या वेळी मी दार उघडू नका म्हटलं नाही, कारण अर्ध्या वेळा मीच उघडत होते. सकाळी उठलो तर पाच अंश.

भुसावळकडून तापी ओलांडली. पात्रात पाणी थोडं, पण पलीकडे जणू दुसराच मुलूख. यावल मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेने केळीच्या बागा सुरू झाल्या, हिरव्या आणि गच्च, वारा लागू नये म्हणून कडेने शेवरी लावलेल्या. लांबवर सातपुड्याची निळी रेघ. फैजपूरला पोचलो तेव्हा दहा वाजले होते.

सायलीच्या सासूबाई अंगणातच भेटल्या. "काय व इहीनबाई (विहीणबाई), इतक्या उन्हात आले तुम्ही? आधी पानी प्या." पण माझं लक्ष दारात उभ्या असलेल्या पोरीकडे होतं. गालाची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी पाणी न पिता गाडीत गेले आणि ताडगोळे सोलायला बसले.

तिने पहिला खाल्ला. सासूबाई तिच्या बाजूला पातेलं धरून बसल्या होत्या, गेले तीन आठवडे बसत होत्या तशाच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. "खाय माय, हळूहळू खाय. मी हाये ना आथी (इथे)," सासूबाई म्हणाल्या. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. पातेलं रिकामंच राहिलं. अर्ध्या तासाने सायलीने विचारलं, "आणखी आहेत?" आणि हे उठून घाईघाईने बाहेर गेले, कारण त्यांना सगळ्यांसमोर डोळे पुसायचे नव्हते.

आम्ही चार दिवस राहिलो. ताडगोळे तिसऱ्या दिवशी संपले, पण तोवर ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून ताकाबरोबर खाऊ लागली होती. दवाखान्याचं नाव निघालं नाही. सासूबाईंनी मला भाकरी थापायला शिकवलं, मी त्यांना सोलकढी. माझी भाकरी एकदाही गोल झाली नाही.

निघायच्या दिवशी सायली गाडीपाशी आली. मी सामान लावत होते.

"आई, एक सांगू? रागावू नकोस," ती म्हणाली. "मी आधी तुला कोकम मागितलं, तू कुरिअरने पाठवलंस. मग मेतकूट मागितलं, तेही चार दिवसांत आलं. मग मी दोन दिवस विचार केला की कुरिअरने येणारच नाही असं काय आहे."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. लेकीच्या सासरी उठसूट जाऊ नये, तिथली माणसं चांगली आहेत, ती बघतील, असं म्हणत मी इतके दिवस घरी बसले होते आणि मोठ्या शहाणपणाने खोकी बांधत होते. मी तिला जवळ घेतलं.

घरी पोचल्यावर मी हातपाय धुवायच्या आधी फोन लावला. "पोचलो," म्हटलं. "आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय. ह्या वेळी काही मागू नकोस."

मग ती म्हणाली, "बरं. मग नुसते या."