पंचनाम्यावर अण्णांची सही

आमच्या गावात कंट्रोलच्या दुकानात अंगठा आधी घेतात, धान्य नंतर. मशीनवर बोट टेकवलं की सरकारच्या लेखी गहू-तांदूळ घरी पोचले. दुकानदार म्हणतो, माल कमी आलाय, आठवड्यानं या. आठवड्यानं गेलं की म्हणतो, संपला. मी गावात छापून वाटतो त्या पत्रकात याला सरळ चोरी म्हटलं. लोकांनी पत्रक वाचलं, घडी करून खिशात घातलं. तक्रार करायला पुढं आली ती एकटी मावशी.

मावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. नवरा गेलेला, थोड्या शेळ्या, आणि दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची मजुरी. लागोपाठ दोन महिने तिनं अंगठा दिला आणि रिकामी पिशवी घेऊन आली. "लिही तू," ती म्हणाली, "पण मंग माझं धान्य मिळंल का, तेवढं सांग." मी म्हणालो, मिळंल. चौकशी झाली की मिळंलच.

तक्रार मी जाफराबादला तहसीलमध्ये दिली. पुरवठा निरीक्षक खरंच आले. मला वाटलं, जिंकलो. पण गावात साहेब आला की त्याला कुणीतरी जेवू घालायचं असतं, आणि त्या दिवशी ताट दुकानदाराच्या घरी वाढलं होतं. जेवण झाल्यावर साहेबांनी मावशीला दुकानाच्याच ओट्यावर बोलावलं. अंगठा तुमचाच ना, असं विचारलं. दुकानदार समोर उभा.

"अंगठा माझाच हाये साहेब," मावशी म्हणाली, "पण दाणा मिळाला न्हाई."

मग पंचनामा. पंच म्हणून गावच्या दक्षता समितीतले लोक लागतात, आणि माझे वडील, अण्णा, त्या समितीत आहेत. साहेबांना निघायची घाई होती. म्हणाले, खाली सह्या करून ठेवा, वरचं मी ऑफिसात नीट लिहून घेतो. आमच्याकडं यात कुणाला काही गैर वाटत नाही. वीज पडून म्हैस मेली तरी पंच असेच कोऱ्या कागदावर सह्या करतात. आधी वाचायला मागणं म्हणजे साहेबावर संशय घेणं. मी अण्णांचा हात धरला. म्हणालो, कोऱ्यावर करू नका.

"साहेब आत्ता आपल्या गावात जेवले," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते काय खोटं लिहितील व्हय?" लोक हसले. माझ्यावर हसले. अण्णांनी सही केली.

अहवालाची नक्कल मी माहिती अधिकारात मागवली. त्यात होतं, तक्रारदार महिलेने पंचांसमक्ष धान्य मिळाल्याचे मान्य केले, सबब तक्रारीत तथ्य नाही. खाली अण्णांची सही, शेवटच्या त्या लांब शेपटीसकट.

साहेबाचा राग पत्रकात मावतो. दुकानदाराचाही. अण्णांचा मावत नाही. ते ओट्याला टेकूनच उभे होते, तिचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. मी म्हणालो, वरती अपील करू, कागद कोरा होता एवढंच लिहून द्या. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "म्हंजे मी येडा हाये, हे मीच लिहून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोत्यात ज्वारी भरली आणि खांद्यावर घेऊन मावशीकडं निघाले. मी मागं गेलो. मावशी शेळ्या सोडत होती. पोतं बघून ती थांबली.

"ही तुमच्या रानातली हाये, दादा. मला माझे गहू पायजे होते."

घे, घरचीच आहे, असं अण्णा पुटपुटले.

"घरचीच हाये म्हणून तर नको."

अण्णांनी पोतं परत खांद्यावर घेतलं. मावशी माझ्याकडं न बघता शेळ्यांमागं निघून गेली. त्या महिन्यातही तिनं दुकानात अंगठा दिला. धान्याचं विचारलं नाही.

अपिलाचा अर्ज मी लिहून ठेवलाय. साक्षीदार म्हणून अण्णांचं नाव घातलंय आणि कागद त्यांच्या उशाशी ठेवलाय. सही अजून झालेली नाही. आधी नीट वाचून बघतो, म्हणाले.