दादाची मठ्ठ मिरची

माणूस गेला की त्याचे किस्से कुठून कुठून निघतात! दादाला हार्ट अटॅक आला, त्याला दीड महिना झाला. डोकमर्डीच्या आमच्या खोलीवर येणारा डोळे पुसत येतो आणि पोट धरून हसत जातो. माझंही तसंच. फक्त हसू मधेच थांबतं, मग काय करावं कळत नाही.

दादा कॉलेजात लॅब असिस्टंट. मी आठवी नापास, खडोलीला धाग्याच्या फॅक्टरीत. दादाचं वेड एकच: औषध घालून मिरचीच्या रोपातली रंगसूत्रं दुप्पट करायची. तीन वर्षं त्याच्याच मागे लागला होता. एकही रोप खात्रीनं दुप्पट झालं नव्हतं.

*

औषध शेंड्याला लागायला हवं, म्हणून तो प्रत्येक रोपाच्या डोक्यावर कापसाचा बोळा ठेवून वर थेंब सोडायचा. शेजारच्या काकूंनी गॅलरीत डोकावून वहिनीला विचारलं, "मिरचीला ताप आलाय का गं?"

वहिनी म्हणाली, "हो ना, सकाळपासून कण्हतेय!"

*

"हे औषध करतं तरी काय?" मी एकदा विचारलं.

"पेशीत रंगसूत्रं दुप्पट होतात. मग बारीक दोऱ्या अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढतात आणि एकीच्या दोन पेशी होतात. औषध त्या दोऱ्याच बनू देत नाही."

"म्हणजे माल डबल तयार, आणि टेम्पोवाले संपावर!"

दादा बघतच राहिला. "आमच्या थर्ड इयरला हे वर्षभरात कळत नाही रे!"

*

कळ्या तपासायच्या तर सकाळीच खुडायच्या, असा त्याचा नियम. लग्नाच्या दिवशीही सोडला नाही. हळदीच्या हातांनीच कळ्या खुडल्या, बाटलीत टाकल्या आणि मांडवात आला. पुढच्या आठवड्यात बॉटनीच्या मॅडम स्लाइड बघून म्हणाल्या, "हा पिवळा रंग कुठल्या कंपनीचा?"

दादा म्हणाला, "सासुरवाडीचा!"

*

आता माझा पराक्रम. दादा गावी गेला होता, रोपं माझ्यावर. बरीचशी भराभर वाढली. चार मात्र बुटकी, जाड पानांची, एकदम मठ्ठ. मला बघवेना. उपटून टाकली! दादा आला, ट्रे बघितला.

"जाड पानांची कुठंयत?"

"फेकली. आजारी होती."

"अरे गाढवा, तीच दुप्पट झाली असणार!"

दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नवं बी पेरलं, उगवल्यावर पुन्हा औषध लावलं. त्या ट्रेमध्ये एकच रोप मठ्ठ निघालं. त्याला कळी यायच्या आत दादा गेला.

*

परवा कळ्या आल्या. मला कुठली खुडायची कळेना, म्हणून कुंडीच बाइकवर बांधून कॉलेजात नेली. मॅडमनी बारीकशी कळी फोडली, स्लाइड केली, बराच वेळ बघितलं.

"साध्या मिरचीत ही रंगसूत्रं दोन-दोनच्या जोडीनं असतात. इथं बघा, कितीतरी ठिकाणी चौघं-चौघं एकमेकांना धरून बसलीत. मोजणीही दुप्पट येतेय. झालंय हो!"

मी काही विचार न करता मोबाइल काढला आणि दादाचा नंबर लावला.

वहिनीनं उचलला. "बोला भाऊजी."

मी म्हणालो, "वहिनी, दुप्पट झालंय."

ती म्हणाली, "थांबा, फोटोसमोर धरते."

अख्ख्या लॅबसमोर मी ओरडलो, "दादा, झालं रे!"

बराच वेळ फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, ते म्हणतायत, परत एकदा मोज!"